फौजीच्या सुट्टीला शाळेत जागा द्या: नागपुरातल्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांस,

सविनय जय भीम, नमस्कार.

शाळा नुकत्याच उघडल्या आहेत. विदर्भात उन्हामुळे आपली घंटा जूनच्या अखेरीस वाजते आणि लगेच स्वातंत्र्यदिनाची तयारी सुरू होते. कवायत, समूहगीत, पाहुणे कोण बोलवायचे याची चर्चा. तुमच्यापैकी अनेकांच्या यादीत यंदाही एखादा माजी सैनिक असेल. त्याला शाल-श्रीफळ मिळेल, मुलं टाळ्या वाजवतील. हे व्हावंच. माझे बाबा महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेही अशा कार्यक्रमांना जातात. आदल्या रात्री बूट स्वतः पॉलिश करतात, कोटावर मेडल स्वतः लावतात, आम्हाला हात लावू देत नाहीत.

पण त्याच शाळेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक साधा अर्ज येतो: "माझे वडील सैन्यात असून सुट्टीवर घरी आले आहेत, तरी मला दहा दिवसांची रजा मिळावी." मी स्वतः माध्यमिक शाळेत शिकवते. या अर्जांचं काय होतं ते शिक्षकखोलीत बसून पाहते. घटक चाचणी आहे, हजेरी कमी पडेल, एकाला दिली तर सगळे मागतील, असं म्हणत तो अर्ज बाजूला सरकवला जातो. झेंड्याखाली ज्याच्या नावानं घोषणा दिल्या, त्याच माणसाला पंधरा दिवसांनी त्याचं मूल भेटू द्यायला आपण तयार नसतो. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

आधी फौजेतल्या सुट्टीबद्दल थोडं सांगते, कारण बाहेरच्यांना ती फार मोठी वाटते. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. नव्वद दिवस म्हणजे खूप झाले, असं कुणीही म्हणेल. मात्र हे नव्वद दिवस कधी घ्यायचे हे एकट्या त्याच्या मर्जीवर नसतं. पलटणीत माणसं ठरावीक संख्येच्या खाली जाऊन चालत नाही, म्हणून सुट्टी पाळीनं मिळते. एकाला दिवाळी, दुसऱ्याला पोळा, तिसऱ्याला जानेवारीतली कडाक्याची थंडी. मे महिन्यात आपल्या शाळा बंद होतात नेमक्या तेव्हाच वर हिमालयात बर्फ वितळतं, घाट उघडतात, घुसखोरीचे दिवस सुरू होतात. मुलाची सुट्टी आणि बापाची धावपळ एकाच महिन्यात येते. आपण शाळेचं वेळापत्रक कितीही विचारपूर्वक केलं तरी हे दोन्ही जुळत नाहीत.

आणि मंजूर झालेली सुट्टी मिळेलच, हेही खरं नाही. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य सीमेवर गेलं. ऑपरेशन पराक्रम. ऑक्टोबर २००२ पर्यंत मोठी फौज तिथे उभी होती. युद्ध झालं नाही म्हणून लोक ते विसरले, पण सुरुंग पेरताना आणि नंतर ते काढताना जवान गेले, कितीतरी जायबंदी झाले. बाबा तेव्हा राजस्थानात होते. त्यांची जानेवारीची सुट्टी लागलेली होती, माझ्या मामाचं लग्न त्या हिशेबानं ठरवलं होतं. लग्न झालं, बाबा नव्हते. २०२५ च्या मे महिन्यातही तेच. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत घरी आलेल्या जवानांना परत बोलावलं गेलं आणि हळद उतरायच्या आत ड्युटीवर निघालेल्या नवरदेवाची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. शाळा तेव्हा बंद होत्या. घरी असलेली मुलं बापाला गाडीत बसवून परत आली, एवढंच.

तुम्ही म्हणाल, आमच्या शाळेत अशी मुलं किती असणार? नागपूरसारख्या गावात हा प्रश्न पडू नये. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, सीताबर्डीच्या किल्ल्यावर प्रादेशिक सेनेची बटालियन आहे. हिंगण्याकडे सीआरपीएफचं ग्रुप सेंटर आणि राज्य राखीव दल आहे. त्याखेरीज इंदोरा, जरीपटका, कामठी रोड या भागांत आणि रामटेक, काटोल, उमरेडच्या खेड्यांत अशी घरं आहेत जिथला कर्ता माणूस जम्मूला किंवा आसामात आहे आणि बायको इथे एकटी मुलांचं बघते. शांत ठिकाणी बदली झाली तर क्वार्टर मिळतं आणि कुटुंब दोन-तीन वर्षं एकत्र राहतं. फील्डवर, म्हणजे सीमेवर किंवा तणावाच्या भागात, बदली झाली की कुटुंब परत गावी. प्रवेशअर्जातल्या "वडिलांचा व्यवसाय" या रकान्यात ही माणसं नुसतं "नोकरी" लिहितात, म्हणून ती आपल्याला दिसत नाहीत.

आमचं घर इंदोऱ्यात. बाबा १९८४ मध्ये भरती झाले, सागरच्या सेंटरला रंगरुटी केली आणि २०१२ मध्ये पेन्शनवर आले. अठ्ठावीस वर्षं. मी जन्मले तेव्हा ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. आजोबांनी तार केली. मुलगी झाल्याची नोंद पलटणीच्या ऑफिसनं पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानांच्या घरच्या नोंदींच्या कागदात, करून टाकली. त्यामुळे मी आधी पलटणीच्या कागदावर आले आणि कितीतरी महिन्यांनी बाबांच्या मांडीवर. आई हे अजूनही हसत सांगते, पण त्या महिन्यांत रेडिओवर श्रीलंकेची बातमी लागली की आजी रेडिओ बंद करायची, हेही तीच सांगते.

आम्ही लहान असताना बाबा म्हणजे आंतरदेशीय पत्र. "केअर ऑफ ५६ एपीओ" (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) हा आमच्या लेखी एखाद्या गावाचा पत्ता होता, मला खरंच वाटायचं की एपीओ नावाचं गाव असेल. बाबा प्रत्येक पत्रावर वर कोपऱ्यात क्रमांक टाकायचे, कारण वरच्या चौकीवरून पत्रं मागेपुढे येत. सातवं आधी, पाचवं नंतर, सहावं कधीकधी येतच नसे. पत्राचा मधला भाग आईचा: विम्याचा हप्ता, आजीचं औषध, छपराचे पत्रे पावसाआधी बदलून घे. कडेच्या घडीवर, जिथे डिंक लावतात तिथे, बारीक अक्षरात माझ्यासाठी आणि धाकट्या भावासाठी एकेक गणित. मी उत्तर लिहून पाठवायची. "बरोबर" असं त्यांचं उत्तर यायला महिना लागायचा, तोवर आमचा धडा पुढे गेलेला असायचा. तरी ते पाठवत राहिले. दूर राहून आपल्या मुलांचा बाप असायचं त्यांच्या हातात तेवढंच होतं आणि तेवढं त्यांनी कधी सोडलं नाही.

बाबा घरी आले की पहिले दोन दिवस आम्ही लाजायचो. हे फौजीच्या प्रत्येक घरात होतं. लहान मूल तर ओळखतच नाही, रडतं. भावानं एकदा आईला विचारलं होतं, "हे काका कधी जाणार?" बाबांनी ते ऐकलं आणि काही न बोलता बाहेर जाऊन सायकलची चेन साफ करत बसले. आईचं यावरचं औषध ठरलेलं. "पाहुणा नाही आला घरी, बाप आला तुमचा. त्यांले काम सांगा." मग आम्ही कामं सांगायचो. दप्तराचा तुटलेला पट्टा, कुलरचा खस, चाळणीची जाळी. काम करता करता ते घरचे व्हायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी भाऊ त्यांच्या खांद्यावर बसलेला असायचा. म्हणजे सुट्टीतला पहिला आठवडा ओळख पटण्यातच जातो. मुलाला त्या दिवसांत रोज सकाळी साडेसहाला शाळेत आणि मग शिकवणीला पाठवलं, तर बाप परत निघायच्या वेळी कुठे ओळख झालेली असते. दहा दिवसांची रजा मागणाऱ्या आईला हे ठाऊक असतं. अर्जात लिहिता येत नाही.

मी सातवीत असताना बाबा पोळ्याच्या चार दिवस आधी आले. सियाचीनवरून खाली उतरलेले. ओठ फाटलेले, नाकाची कातडी सोललेली, डाव्या हाताच्या दोन बोटांना जाणीव कमी झालेली. शर्टाचं बटण लावताना ते ती दोन बोटं वेगळी ठेवायचे. आईनं मला दहा दिवसांची रजा मागितली. अर्ज घेऊन बाबा स्वतः शाळेत आले, साध्या कपड्यांत, पलटणीचं रजेचं प्रमाणपत्र खिशात घडी घालून. त्या शाळेचं नाव मी घेणार नाही. कार्यालयातून उत्तर मिळालं की चाचणी तोंडावर आहे, आणि वडील तर सगळ्यांनाच असतात. बाबांनी प्रमाणपत्र काढलं होतं, ते पुन्हा घडी करून खिशात ठेवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्यांचंही बरोबर आहे बेटा, शिस्त पाहिजे."

मला ते तेव्हा बरोबर वाटलं नव्हतं, आज शिक्षिका म्हणूनही वाटत नाही. शिस्त त्या माणसाला शिकवायची नव्हती.

त्या सुट्टीत बाबा रोज मला शाळेत सोडायचे आणि सुटायच्या अर्धा तास आधी फाटकाशी येऊन उभे राहायचे. भावासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी त्यांनी घरीच केला, चाकं बेअरिंगची लावली. रात्री माझ्या वह्या घ्यायचे. सगळ्या वह्यांना खाकी कागदाची कव्हरं घातली आणि ट्रंकेवर जसा नंबर, रँक, नाव रंगवतात त्याच ठोकळ्या अक्षरांत इयत्ता, तुकडी, विषय, नाव लिहिलं. मग जूनपासूनचं पहिलं पान उघडून वाचायला सुरुवात केली. दर पानाखाली सही आणि तारीख. मी म्हटलं, बाबा, ही पानं तर बाईंनी तपासलीत. ते म्हणाले, "मी कुठं तपासलीत?" भूगोलाच्या वहीत हिमालयाचा नकाशा होता, त्यावर मी काराकोरम चुकीच्या जागी लिहिलं होतं. सही करायच्या आधी त्यांनी ते खोडरबरनं पुसलं आणि बधिर बोटांच्या हातानं वही दाबून धरून दुसऱ्या हातानं बरोबर जागी लिहिलं.

चाचणीत मला किती गुण मिळाले ते मला आठवत नाही. त्या वर्गातल्या कुणालाच आपले आठवत नसतील.

बाबांच्या रेजिमेंटचं नाव काढलं की आमच्या घरात दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक मेजर रामस्वामी परमेश्वरन यांची. आठव्या महार बटालियनचे. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी लागली असताना शत्रूची रायफल हिसकावून लढले आणि तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ही गोष्ट तुम्ही मुलांना जरूर सांगा. दुसरी गोष्ट जुनी आहे, महार रेजिमेंट उभी राहिली त्या १९४१ च्याही आधीची. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, म्हणजे तुमच्याच पेशातले. फौजेतून पेन्शनवर आले तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा भीमराव अगदी लहान होता. पुढे परळच्या चाळीतल्या एका खोलीत त्यांनी त्याला शिकवलं. गर्दीच्या खोलीत मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि मध्यरात्र उलटून शांत झालं की त्याला अभ्यासाला उठवायचे. पुस्तकांसाठी पैसे नसले की लग्न झालेल्या लेकीकडे जाऊन मागायचे, तिचा दागिना गहाण पडायचा. दीक्षाभूमीच्या या गावात त्या मुलाचं पुढे काय झालं हे सांगायची गरज नाही. मला एवढंच सांगायचं आहे की त्या सुभेदाराला मुलाजवळ बसायला रात्री मिळाल्या. आजच्या सुभेदाराला त्या पेन्शनवर आल्यावरच मिळतात, आणि तोवर मुलं मोठी झालेली असतात. बाबा निवृत्त झाले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, बी.एड. झालेली. माझ्या वह्या संपल्या होत्या.

म्हणून तुम्हाला विनंती करते. जवानाचं रजेचं प्रमाणपत्र जोडलेला अर्ज आला की त्या मुलाला दहा दिवसांची रजा विनासायास द्या. हजेरीची ७५ टक्क्यांची अट मलाही ठाऊक आहे, मी हजेरीपट भरते. दहा दिवसांनी ती मोडत नाही. घटक चाचणी चुकली तर आठवड्याभरानं दुसऱ्या प्रश्नपत्रिकेवर घेता येते, आजारी मुलांची आपण घेतोच. पूर्ण दहा दिवस जमत नसतील तर निदान पहिले पाच द्या, ओळख पटायचे.

पालकसभेच्या तारखेला वडील इथे नसतील, हे गृहीत धरा. ते ज्या दिवशी येतील त्या दिवशी वर्गशिक्षकांनी त्यांना अर्धा तास द्यावा, मुलाच्या वह्या समोर ठेवाव्यात. रेंज असलेल्या ठिकाणी असतील तर व्हिडिओ कॉलवरही बोलता येतं. हा माणूस वर्षभर मनात प्रश्न साठवून आलेला असतो. त्याला "मुलगा हुशार आहे, थोडं लक्ष द्या" एवढं सांगून उठवू नका. लक्ष कसं देणार तो?

कागदांचंही बघा. चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्ससाठी, म्हणजे मुलांच्या शिक्षणभत्त्यासाठी, शाळेच्या प्रमुखाचा दाखला लागतो आणि तो आणायला जवानाची बायको येते, तीही बहुधा धाकट्याला कडेवर घेऊन. सही-शिक्क्यासाठी तिला उद्या या, परवा या म्हणू नका. बदली होऊन भर सत्रात आलेल्या मुलाला प्रवेश देताना आधीच्या शाळेचा दाखला मागून येईल म्हणून थांबवू नका, पहिली ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्यानंही तसं थांबवता येत नाही. आणि सीमेवर काही घडलं, टीव्हीवर दिवसभर तेच चालू राहिलं, की दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकानं त्या एका मुलाकडे बघावं. त्याला सगळ्यांपुढे उभं करून "याचे बाबा बघा" असं म्हणू नये. आम्ही त्या रांगेत उभे राहिलो आहोत. टाळ्या वाजत असतात आणि मुलाच्या डोक्यात एकच चाललेलं असतं, फोन का आला नाही.

कुणी विचारेल, मग ट्रकचालकाच्या मुलाचं काय, सुरतेला कामाला गेलेल्या बापाच्या मुलीचं काय? त्यांचाही विचार जरूर करा. त्यांचा अर्ज आला तर माझा त्याला पाठिंबा आहे. मी ज्या घरात वाढले त्या घरापुरतं बोलते आहे, कारण त्या घराची सुट्टी सरकारी कागदावर लिहून येते आणि तरी चालत नाही.

१५ ऑगस्टच्या पाहुण्यांबद्दलही एक सांगायचं आहे. मागे एका शाळेत मुलांनी बाबांना प्रश्न विचारले. किती शत्रू मारले, कोणती बंदूक होती, भीती वाटली का. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "घरची आठवण आली की तुम्ही काय करायचे?" सूत्रसंचालकांनी वेळ संपल्याचं सांगून आभारप्रदर्शन सुरू केलं. बाबांनी घरी आल्यावर आम्हाला उत्तर सांगितलं. ते घड्याळ बघायचे. आता प्रार्थना झाली असेल, आता डबा खाल्ला असेल, आता शाळा सुटली, आता पोर इंदोरा चौक ओलांडतंय. वर चौकीवर ड्युटी बदलायच्या वेळा आणि आमच्या शाळेच्या घंटा त्यांनी डोक्यात शेजारी-शेजारी लावून ठेवल्या होत्या. त्या मुलीला हे ऐकायला मिळायला हवं होतं. कदाचित तिचेही बाबा तिथे कुठेतरी असतील. यंदा पाहुण्यांना पाच मिनिटं जास्त द्या आणि हा प्रश्न तुम्हीच विचारा.

आमच्या शाळेत यंदा प्रवेशअर्जात एक ओळ वाढवली आहे: "आई किंवा वडील सैन्यात, निमलष्करी दलात अथवा बाहेरगावी तैनात आहेत काय?" ज्यांचं उत्तर होय, त्यांची यादी प्रत्येक वर्गशिक्षकाकडे आहे, आणि रजा मंजूर करायचा अधिकार मुख्याध्यापिकांनी वर्गशिक्षकालाच दिला आहे. खर्च काही आला नाही. तुमच्याकडे पालकसभांच्या आणि घटक चाचण्यांच्या तारखा याच महिन्यात ठरतील. त्या ठरवताना ही यादी आधी करून घ्या.

आपली नम्र,
एका निवृत्त सुभेदाराची मुलगी आणि माध्यमिक शिक्षिका
इंदोरा, नागपूर